सेकंदांचा हिशेब : रॅलीचे रसिक आणि बदलते नियम

'रॅली' हा शब्द कानांवर पडला की आपल्या डोळ्यांपुढे झेंडे, घोषणा आणि व्याख्यानाचे व्यासपीठ उभे राहते. आज ज्या रॅलीविषयी बोलावयाचे आहे तिचा राजकारणाशी काही संबंध नाही. ही मोटारींची रॅली होय. तिच्या नावाचा मूळ अर्थ मात्र तोच आहे : एकत्र येऊन जमणे. १९११ साली माँटे कार्लोची पहिली रॅली भरली, तेव्हा युरोपातील निरनिराळ्या शहरांतून निघालेल्या मोटारी भर हिवाळ्यात, बर्फाळ रस्ते तुडवीत, भूमध्य समुद्राकाठच्या त्या चिमुकल्या राज्यात येऊन दाखल झाल्या. त्या प्रवासातून एक खेळ जन्मला. १९७३ पासून त्याची जागतिक विजेतेपदाची स्पर्धा भरते. केनियापासून फिनलंडपर्यंत त्याचे रसिक पसरलेले आहेत. आपल्या देशातही १९८० नंतरची दहा वर्षे हिमालयन रॅली गाजली, आणि नाशिकच्या परिसरात महाराष्ट्राच्या नावाने भरलेली रॅली काही श्रोत्यांनी पाहिलीही असेल.

या खेळाचे नियम वारंवार बदलत आले आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक बदलाच्या वेळी त्याचे रसिक खवळून उठले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ हट्ट वाटतो. जुन्याला कवटाळून बसणारी माणसे प्रत्येक क्षेत्रात असतात, तशीच ही, असे म्हणून तो मोकळा होतो. परंतु जरा खोलात शिरले तर दिसते की, या रसिकांनी काही बदल मुकाट्याने पत्करले आणि काही मात्र हाणून पाडले. त्यांनी कशाला मान तुकविली आणि कशाला नाही, यातच या खेळाचे मर्म आहे.

प्रथम खेळाची रीत समजून घेऊ. वर्तुळाकार मार्गावरील शर्यतीत सगळ्या मोटारी एकदम सुटतात आणि जी पुढे येते ती जिंकते. निकाल डोळ्यांना दिसतो. रॅलीत तसे नाही. येथे मोटारी एकामागून एक, काही मिनिटांच्या अंतराने सुटतात. जंगलातील, डोंगरातील किंवा खेड्यापाड्यांतील एखादा रस्ता वाहतुकीस बंद करून त्यावर चालकाची वेळ मोजली जाते. अशा रस्त्याला 'विशेष टप्पा' म्हणतात. असे पंधरा-वीस टप्पे तीन-चार दिवसांत पार करावयाचे, दोन टप्प्यांमधील अंतर सर्वसामान्य वाहतुकीचे नियम पाळून कापावयाचे, आणि शेवटी सर्व टप्प्यांच्या वेळा जोडून ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. शेजारच्या आसनावर सहचालक बसलेला असतो. पुढचे वळण किती तीव्र आहे, चढापलीकडे उतार आहे की कडा, हे तो आधी केलेल्या टिपणांवरून वाचून सांगत असतो. वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजली जाते. २०११ साली जॉर्डनच्या रॅलीत सेबास्तियाँ ओझिए याने यारी-मात्ती लाटवाला याला अवघ्या ०.२ सेकंदाने मागे टाकले. दोन दिवस, शेकडो किलोमीटर, आणि अंतर पापणी लवण्याइतके!

आता प्रेक्षकाचा विचार करा. पहाटे उठून तो रानात शिरतो, थंडीत किंवा धुळीत तासन् तास उभा राहतो. मोटार येते आणि चार-पाच सेकंदांत दिसेनाशी होते. त्याने स्पर्धेचा हजारावा भागही पाहिलेला नसतो. उरलेली स्पर्धा तो मनात पाहतो. हातातील घड्याळ, कागदावरील आकडे आणि शेजाऱ्याशी चाललेली चर्चा यांतून तो तिचे चित्र उभे करतो. म्हणून बेरजेवरील विश्वास हाच या खेळाचा पाया आहे. पहिल्या सकाळी गमावलेला एक सेकंद आणि शेवटच्या दुपारी मिळविलेला एक सेकंद यांचे मोल सारखेच, ही खात्री असेल तरच त्या चार सेकंदांच्या दर्शनाला अर्थ येतो. तिला धक्का लागला की रसिकाच्या हाती केवळ धूळ उरते.

ही खात्री डळमळली म्हणजे काय होते, ते १९६६ साली माँटे कार्लो येथे दिसले. त्या वर्षी पहिले तिन्ही क्रमांक ब्रिटिश मिनी कूपर गाड्यांनी पटकाविले. टिमो मॅकिनेन, राउनो आल्टोनेन आणि पॅडी हॉपकर्क हे त्यांचे चालक. परंतु पुढील दिव्यांची रचना नियमांत बसत नाही असा निर्णय देऊन पंचांनी तिघांनाही बाद केले. चौथी आलेली फोर्डही त्याच कारणाने बाद झाली, आणि विजेतेपद सित्रोएन हाकणाऱ्या पाउली टोइवोनेन याच्याकडे गेले. इंग्लंडात एकच गहजब उडाला. वास्तविक बाद होणे या खेळाला नवे नव्हते. लोकांना सलले ते हे की, जो हिशेब रात्रंदिवस रस्त्यावर मांडला गेला तो दिव्याच्या काचेमागील एका तारेवरून पुसला गेला. पुढच्याच वर्षी आल्टोनेनने मिनी घेऊनच ती रॅली जिंकली.

याउलट, खेळाचे रूप पार पालटूनही रसिकांनी जे सोसले त्याचे उदाहरण म्हणजे पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणानिमित्त ती सुरू झाली. केनिया, युगांडा आणि टांगानिका या देशांतून हजारो किलोमीटरांचा तो मार्ग, आणि तोही उघड्या रस्त्यांवरून. समोरून बस येईल, जनावर आडवे येईल, पावसाने रस्त्याची नदी होईल. १९६८ साली निघालेल्या ९३ गाड्यांपैकी शेवटापर्यंत पोहोचल्या फक्त ७! या रॅलीशी भारतीय वंशाच्या दोन माणसांची नावे कायमची जोडली गेली आहेत. जोगिंदर सिंग यांनी १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीनदा ती जिंकली. पहिल्या खेपेस त्यांचे बंधू जसवंत हेच त्यांचे सहचालक होते. दुसरे शेखर मेहता. १९७२ साली इदी अमीनच्या राजवटीत युगांडातून भारतीयांची हकालपट्टी झाली, तेव्हा त्यांना केनियात आसरा घ्यावा लागला. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी सफारी जिंकली आणि त्यानंतर १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे ती आपल्याकडेच ठेवली. १९७३ च्या त्या रॅलीत त्यांचे आणि स्वीडनच्या हॅरी शेलस्ट्रोमचे दंडगुण समसमान झाले. तेव्हा कोण अधिक काळ दंडाविना धावला हे पाहून निकाल लावण्यात आला. हिशेबाची ही तडफ पाहा. याच मेहतांनी पुढे मोटारक्रीडेच्या जागतिक संघटनेच्या रॅली समितीचे अध्यक्षपदही सांभाळले.

२००२ नंतर सफारी जागतिक स्पर्धेतून वगळली गेली. २०२१ साली ती परतली, ती अगदी निराळ्या वेषात. आता नैवाशा सरोवराच्या परिसरातील बंद केलेले टप्पे, आणि वेळ मोजली जाणारे एकूण अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. जुन्या रसिकांनी उसासे टाकले. ही सफारी नव्हे, सफारीची सावली होय, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. तरीही लोक लोटले, कारण वाढलेल्या रहदारीतून भरधाव स्पर्धा नेणे आज शक्य नाही, हे कोणालाही पटण्यासारखे होते. मार्ग आखडला होता, पण त्यावरील सेकंदाची किंमत पूर्वीइतकीच होती.

त्याहून कठोर प्रसंग १९८६ सालचा. त्या काळी 'ब गट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारी धावत. अतिशय हलक्या आणि अचाट शक्तीच्या या यंत्रांनी रसिकांना वेड लावले होते. पोर्तुगालमध्ये तर लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहत आणि गाडी अंगावर आली की बाजूला होत. गाडीला हात लावून पाहणे हा पराक्रम समजला जाई. मार्च १९८६ मध्ये सिंत्राच्या टेकड्यांत एक फोर्ड गाडी गर्दीत घुसली. त्यात प्रेक्षकांचे प्राण गेले आणि तीसहून अधिक जखमी झाले. आघाडीच्या संघांच्या चालकांनी त्याच दिवशी स्पर्धेतून अंग काढून घेतले. मे महिन्यात कॉर्सिका बेटावर लॅन्सिया गाडी दरीत कोसळून पेटली आणि हेन्री टोइवोनेन व त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो या दोघांचा अंत झाला. हा हेन्री म्हणजे १९६६ च्या त्या वादग्रस्त विजेत्याचा, पाउली टोइवोनेनचा, मुलगा. संघटनेने तत्काळ ठरविले की, पुढील वर्षापासून या मोटारी बंद.

या बंदीबद्दल हळहळ आजही ऐकू येते. त्या गाड्यांचा आवाज ज्यांनी ऐकला ते त्याविषयी एखाद्या दिवंगत गवयाच्या आवाजाविषयी बोलावे तसे बोलतात. पण बंदी अन्यायाची होती असे म्हणणारा विरळा. आपल्या प्रेमाच्या अतिरेकाचाही त्या मृत्यूंत वाटा होता, हे जाणत्या रसिकांना उमगले. आज टप्प्यावर प्रेक्षकांसाठी जागा आखलेल्या असतात, आणि लोक हटले नाहीत तर सबंध टप्पाच रद्द होतो. हे बंधन रसिकांनी पत्करले आहे. इतकेच नव्हे, तर ते पाळवून घेणारे स्वयंसेवकही बहुधा त्यांच्यातूनच येतात.

मग भांडण कोठे होते? पैशाचा आणि दूरचित्रवाणीचा प्रश्न आला तेथे. संयोजकांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. या खेळाला तटबंदी नाही, तिकीटविक्री मर्यादित आहे, आणि मोटारी बनविणे भयंकर खर्चाचे आहे. २०२५ च्या हंगामात सर्वोच्च वर्गात टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्ड या तीनच नावांच्या गाड्या होत्या. कंपन्यांना प्रसिद्धी हवी आणि प्रसिद्धीसाठी चित्रण हवे. रानावनांत विखुरलेल्या, चार दिवस चालणाऱ्या खेळाचे चित्रण करावयाचे तर तो आटोपशीर हवा. म्हणून देशभर फिरणाऱ्या रॅली एका दुरुस्ती-तळाभोवती घुटमळू लागल्या. २००५ च्या सुमारास असाही नियम झाला की, मोडून पडलेल्या गाडीने दंडाची मिनिटे सोसून दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरावे. यावर रसिकांत उघड दोन तट पडले. शेवट गाठणे हीच तर कसोटी, मग मेलेल्याला उठवून बसवावयाचे कशाला, असे एक म्हणत. दूरदेशाहून आपल्या आवडत्या चालकाला पाहण्यासाठी आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी हात हलवीत परतावे काय, असा दुसऱ्यांचा प्रश्न होता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. नियम टिकला, कारण दंडाची मिनिटे बेरजेत मिळवली जात होती. हिशेब मोडला नव्हता.

२०१४ साली मात्र हिशेबालाच हात घालण्यात आला. शेवटचा टप्पा दूरचित्रवाणीवर रंगतदार व्हावा म्हणून आधीच्या दिवसांत मिळविलेली आघाडी आक्रसून टाकावी आणि जवळजवळ सारा निकाल त्या एका टप्प्यावर लावावा, अशी ती योजना होती. चालक आणि रसिक दोघेही एकमुखाने उठले. तीन दिवसांचे श्रम काही मिनिटांच्या देखाव्यावर उधळावयाचे असतील तर ते तीन दिवस हवेत तरी कशाला, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. सप्टेंबर २०१४ मध्ये जागतिक संघटनेच्या परिषदेने ही योजना फेटाळली.

दहा वर्षांनी तोच मोह दुसऱ्या रूपाने आला. आघाडी मिळालेले चालक रविवारी जपून गाडी हाकतात, त्यामुळे शेवटचा दिवस निरस होतो, ही तक्रार खोटी नव्हती. त्यावर उपाय म्हणून २०२४ साली गुणांची अशी वाटणी झाली : शनिवारच्या अखेरीस जो पहिला त्याला १८ गुण, केवळ रविवारच्या वेळांत जो पहिला त्याला ७, आणि अंतिम टप्प्यात पहिला येणाऱ्यास ५. रॅली जिंकण्याबद्दल मात्र वेगळा असा एकही गुण नाही! परिणाम दुसऱ्याच रॅलीत दिसला. स्वीडनमध्ये एसापेक्का लाप्पी जिंकला आणि त्याला मिळाले १९ गुण. दुसरा आलेला एल्फिन एव्हान्स मात्र २४ गुण घेऊन घरी गेला. त्याच वर्षी सार्डिनिया बेटावर ओट टानाकने ओझिएला ०.२ सेकंदाने हरविले. तरीही शनिवारचे १८ गुण ओझिएच्याच पदरात पडले, कारण त्या संध्याकाळी तो पुढे होता. कसोटी सामना जिंकणाऱ्या संघापेक्षा चौथ्या दिवसाअखेर वरचढ असलेल्या संघाला अधिक मान द्यावा, तसाच हा प्रकार. विजेता कोण, या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते, अशी चेष्टा सुरू झाली. एका हंगामानंतर नियम मागे घेतला गेला. २०२५ पासून विजेत्याला पुन्हा २५ गुण आणि दुसऱ्याला १७ असा क्रम लागला. रविवारचे गुण राहिले, पण केवळ जोड म्हणून.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. रॅलीच्या रसिकांनी लांबी सोडली, रात्रीची जागरणे सोडली, लाडकी यंत्रे सोडली, रस्त्याच्या कडेचा आपला पूर्वापार हक्कही सोडला. सुरक्षिततेसाठी आणि खेळ जगावा यासाठी ज्या ज्या गोष्टीचा त्याग मागितला, तो त्यांनी कुरकुरत का होईना, केला. त्यांनी सोडली नाही ती एकच गोष्ट : प्रत्येक सेकंद मोजला जावा आणि तो सर्वांसाठी सारखाच मोजला जावा. ज्याला सबंध खेळ कधीच डोळ्यांनी पाहता येत नाही, त्याने हिशेबाचा आग्रह धरला तर त्यात नवल ते काय?

नियम करणाऱ्यांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. नवा प्रेक्षक मिळविण्यासाठी खेळ सुटसुटीत करावा, आकर्षक करावा, याला कोणाची ना नाही. पण जो माणूस पावसात चिखल तुडवीत चार सेकंदांसाठी उभा राहतो, त्याला आपण काय पाहिले हे रात्री बेरीज मांडून ताडून पाहता आले पाहिजे. ती बेरीज जुळली, तर तो पुढच्या वर्षी पुन्हा येईल आणि येताना आपल्या मुलालाही घेऊन येईल.