यात्रेतील अन्नपाणी

चैत्र महिना लागला, की चंद्रपूरच्या महाकाली मंदिराकडे भाविकांची रीघ लागते. मराठवाड्यातून आणि शेजारच्या तेलंगणातून लोक येतात. महाशिवरात्रीला गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे वैनगंगेच्या काठी अशीच मोठी यात्रा भरते. घरापासून दूर आलेल्या माणसांना बाहेरचे अन्न आणि परगावचे पाणी घ्यावेच लागते. त्यामुळे यात्रेकरूंबरोबर प्रसाद घरी जातो, तसा कधीकधी आजारही जातो.

पूर्वी पटकी, म्हणजेच कॉलरा, हा यात्रांचा मोठा वैरी होता. यात्रेत तो जडे आणि परतणाऱ्या माणसांबरोबर गावोगाव पसरे. दूषित हवेमुळे हा रोग होतो, अशी एके काळी समजूत होती. १८५४ मध्ये लंडनला साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी केली. मृतांपैकी बहुतेकजण एकाच पंपाचे पाणी पीत असत, असे त्यांना आढळले. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा केला. रोग्याच्या मळातून हा जंतू पाण्यात उतरतो आणि पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात शिरतो. असे पाणी दिसायला निर्मळ आणि चवीला गोडही असू शकते. म्हणून केवळ डोळ्यांवर व जिभेवर विसंबून चालत नाही.

अन्नाचेही तसेच आहे. उबदार हवेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक जंतू होतील! पूर्व विदर्भात भात हे मुख्य अन्न. भातातील काही जंतूंचे बीजाणू उकळीतही तग धरतात. सकाळी शिजवलेला भात दुपारपर्यंत तसाच पडून राहिला, तर ते वाढीस लागतात. त्यांनी तयार केलेले विष भात पुन्हा तापवूनही नेहमी नष्ट होतेच असे नाही. म्हणूनच शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत खावे.

मग प्रवाशाने काय खावे? जे डोळ्यांदेखत शिजले आहे आणि ज्यातून वाफ निघत आहे, ते खावे. केळे, संत्रे अशी फळे स्वतः सोलून खावीत. चिरून उघड्यावर ठेवलेली फळे टाळावीत. पाणी खळखळ उकळलेले असावे. बर्फाचा भरवसा धरू नये; थंडीने सगळे जंतू मरत नाहीत. आपले पूर्वज प्रवासात कोरडी भाकरी, भाजलेले चणे अशी शिदोरी नेत. ओलावा नसेल तेथे जंतू सहसा वाढत नाहीत. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे तर सर्वांत सोपे.

एवढी काळजी घेऊनही जुलाब झाले, तर घाबरू नये. शरीरातील पाणी व क्षार निघून जाणे हाच त्यातील खरा धोका होय. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे आणि रोग्याला दवाखान्यात न्यावे. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे असेच पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले.

ताडोब्याचे वाघ पाहण्यास परदेशातून येणारा पाहुणा असो, की शिक्षणासाठी परदेशी जाणारा आपल्याकडचा तरुण असो, दोघांनाही हेच नियम लागू पडतात. जंतूंना देश नसतो. परक्या गावचे अन्न परके म्हणून वाईट नसते आणि घरचे अन्न घरचे म्हणून निर्धोक नसते. ते कसे शिजले, किती वेळ राहिले आणि कोणत्या हातांनी वाढले, हेच पाहावयाचे असते. जो यात्रेकरू ही दक्षता घेतो, तो स्वतःबरोबर आपल्या गावाचेही रक्षण करतो.