जुने खेळ, नवा लॅपटॉप आणि आपली लेकरे

मागच्या वर्षावासातली गोष्ट आहे. ग्रंथवाचन संपले, खीर वाटून झाली आणि माणसे पांगू लागली, तेव्हा वस्तीतल्या एक मावशी आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “दादा, तुम्ही अभ्यासिका म्हणलात म्हणून पोरीला पाठवलं. ती तर सांगायली, विहारातल्या कम्प्युटरवर माणूस उड्या मारायलाय. हेच शिकवायलेत का तिथं?”

चार माणसांसमोर विचारलेला प्रश्न. आम्ही तेव्हा काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त होता. मोलमजुरी करून मुलीला शिकवणाऱ्या आईला असे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणून तेव्हा राहून गेलेले उत्तर आज सविस्तर देत आहोत. आमच्या परभणी जिल्ह्यात आणि बाहेरही ज्या ज्या विहारांत अभ्यासिका चालतात, तिथल्या कार्यकर्त्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

काचेच्या दाराबाहेर

१९९० च्या दशकात परभणी शहरात खासगी संगणक वर्ग निघू लागले होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो. अशाच एका वर्गाचे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. काचेचे दार, आत गार हवा आणि दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांची रांग. धूळ गेली तर यंत्र बिघडते असे सांगत. आत फी भरलेली मुले शिकायची आणि तास संपत आला की खेळायची. पडद्यावर लाल टोपीचा डेव्ह पेला मिळवून दाराकडे धावायचा, नाहीतर पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र तळघरातल्या फटी ओलांडून उड्या मारायचा. आम्ही दोघे-तिघे मित्र काचेला नाक लावून बघत असू. एकदा आतून कोणीतरी हात करून हुसकले.

१९३० साली काळाराम मंदिराच्या दारात आपल्या वाडवडिलांना सत्याग्रह करावा लागला. या दारावर कोणाची जात लिहिलेली नव्हती, फक्त फीचा आकडा होता. पण काचेबाहेर उभे राहणारे बहुतेक आपलेच होते. पुढे २००१ साली एमएस-सीआयटी आली. नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणांनी उसनवारी करून ती केली. पदवी हातात असूनही माऊस धरताना बोटे थरथरत. ज्यांचे लहानपण खेळता खेळता त्या यंत्राशी गेले होते, त्यांची बोटे थरथरत नव्हती. फरक बुद्धीचा नव्हता. त्यांचा हात आधी लागला होता, एवढेच.

हे मनात होते म्हणून नोकरदार बांधवांनी दिलेले तीन जुने लॅपटॉप अभ्यासिकेत आले, तेव्हा मुलांना पहिल्या दिवशी अर्ज टाईप करायला न लावता खेळ द्यावा असे आम्ही ठरवले. आजचे मोठे खेळ या यंत्रांवर चालणे शक्य नव्हते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे मात्र चालण्यासारखे होते.

जुना खेळ नव्या यंत्रावर का चालत नाही?

पहिला धक्का इथेच बसतो. ज्याला साधी फ्लॉपी पुरायची तो एवढासा खेळ आजच्या लॅपटॉपवर डबल क्लिक केल्यावर उघडत नाही. कारण सोपे आहे. ते खेळ डॉस नावाच्या जुन्या प्रणालीसाठी लिहिलेले, १६ बिटांचे. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ते चालवणारा भागच ठेवलेला नाही. बैलाच्या मानेवरचे जू ट्रॅक्टरला बसत नाही, तसाच हा प्रकार.

यावर उपाय म्हणजे डॉसबॉक्स. हा प्रोग्रॅम २००२ पासून फुकट मिळतो. तो लॅपटॉपच्या आत एक जुना संगणक उभा करतो. खेळाला वाटते आपण १९९० च्याच यंत्रावर आहोत. तो विंडोजवर चालतो, लिनक्सवरही चालतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि दानात आलेली बरीच यंत्रे विंडोज ११ घेत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स टाकावे. ते फुकट आहे आणि यंत्र आणखी काही वर्षे कामाला येते.

कृती अशी. खेळाच्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरचे नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता द्या, कारण डॉसला त्याहून लांब नाव समजत नाही. डॉसबॉक्स उघडला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत ‘माउंट’, मग ‘सी’ आणि मग त्या फोल्डरचा पत्ता टाईप करून एंटर दाबा. नंतर सी आणि कोलन टाईप करून एंटर दाबा. ‘डीआयआर’ लिहिले की फाइलींची यादी दिसते. तिच्यात जिच्या नावापुढे ईएक्सई, सीओएम किंवा बीएटी असेल तिचे नाव टाईप केले की खेळ सुरू होतो. अशा दोन-तीन असल्या तर एकेक करून पाहावी. त्यांतली एखादी आवाजाची वगैरे जुळणी करणारी असते.

आमच्याकडे पहिल्या दिवशी एक मुलगा ओरडला, “काका, हे लईच पळायलंय!” काही जुने खेळ यंत्राच्या वेगावरच आपला वेग धरत असत. वेग जास्त झाला की माणूस वाऱ्यासारखा सुटतो. अशा वेळी कंट्रोल धरून एफ ११ दाबले की वेग कमी होतो, एफ १२ दाबले की वाढतो. काही लॅपटॉपवर सोबत एफएन ही कळही दाबावी लागते. ऑल्ट आणि एंटर एकदम दाबले की खेळ पूर्ण पडद्यावर येतो. माऊस अडकून बसला तर कंट्रोल आणि एफ १० ने सुटतो.

खेळ आणायचे कुठून?

इथे आमची चूक आधी सांगतो. सुरुवातीला आम्ही नेटवर दिसेल तिथून खेळ उतरवला. हिरवे बटण दिसले, दाबले. खेळ मिळाला नाही, व्हायरस मात्र मिळाला. त्या लॅपटॉपवर मंडळाच्या वर्गणीचा दोन वर्षांचा हिशेब होता, तो गेला. कारकुनी करणाऱ्या माणसाने हिशेबाची दुसरी प्रत ठेवू नये याची लाज वाटली. पावती पुस्तके होती म्हणून सगळे पुन्हा लिहून काढता आले. तेव्हापासून नियम केला. खेळाचा लॅपटॉप वेगळा आणि हिशेबाचा वेगळा, आणि हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर.

दुसरी गोष्ट हक्काची. जुना झाला म्हणून खेळ फुकट होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतीत धरले, आणि लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरचा हक्क याच हिशेबाने २०१६ अखेर संपला. खेळ तर त्यामानाने कालचेच आहेत. कायदा लिहिणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी. विहारात चोरीची प्रत चालवणे आपल्याला शोभत नाही.

सुदैवाने सरळ वाटा आहेत. काही खेळ त्यांच्या मालकांनीच मोकळे केले आहेत. १९९४ चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ २००३ मध्ये फुकट झाला. तो स्कमव्हीएम या दुसऱ्या फुकट प्रोग्रॅमवर चालतो. १९९५ चा विमानांचा ‘टिरियन’ २००४ मध्ये मोकळा झाला. जीओजी हे दुकान २००८ पासून जुने खेळ विकते. त्यांतल्या डॉसच्या खेळांसोबत बहुधा डॉसबॉक्स जोडूनच येतो, त्यामुळे काळ्या पडद्याची कटकट राहत नाही. वर सांगितलेले दोन्ही खेळ तिथे फुकट मिळतात. इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथालयाने जानेवारी २०१५ मध्ये डॉसचे सुमारे २,४०० खेळ ब्राउझरमध्येच चालतील असे ठेवले. काही उतरवायला नको, पण नेट हवे. मात्र तिथे खेळ आहे म्हणजे त्याचा हक्क संपला, असे समजू नये.

खोक्यात सापडलेला राजपुत्र

काचेआडून पाहिलेल्या त्या राजपुत्राची गोष्ट मुलांना फार आवडते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी केला. डॉसवर तो १९९० मध्ये आला. धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याने चित्रण केले आणि त्यावरून चित्रामागून चित्र काढले. म्हणून तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा लटपटतो, कठड्याला लोंबकळतो. पण खेळाचा मूळ लिखित कोड हरवला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या. जाणकारांनी त्या जपून वाचल्या आणि मेकनरने तो कोड सगळ्यांना पाहायला खुला केला.

ही गोष्ट ऐकून नववीतल्या एका मुलीने विचारले, “काका, आपल्या मंडळाच्या कपाटात पण फ्लॉप्या हायेत ना?”

होत्या. १९९९ च्या जयंतीच्या स्मरणिकेच्या चार फ्लॉप्या. वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी त्यात होत्या. ते कार्यकर्ते आता हयात नाहीत आणि छापील प्रतही कोणाकडे उरली नव्हती. आम्ही यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. तीन फ्लॉप्यांना पावसाळी ओलीने बुरशी धरली होती, त्या वाचल्या गेल्या नाहीत. चौथी वाचली गेली. पण पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा नुसता काला दिसत होता. तेव्हाची मराठी ज्या फॉन्टात टाईप केली तो फॉन्ट यंत्रात नसला की असेच होते. मुलांनी जुना फॉन्ट मिळवला, मजकूर दिसू लागला, आणि आता तो आजच्या युनिकोडमध्ये टाईप करणे चालू आहे. चारपैकी एक. बाकीच्या तिघींतले आपण गमावले ते कायमचे. तुमच्या गावच्या कपाटात अशा फ्लॉप्या किंवा सीडी असतील तर हा लेख वाचून झाल्यावर पहिल्यांदा त्या काढा.

ज्या मुलीने आठवण केली, ती त्या मावशींचीच. पुढच्या रविवारी आम्ही मावशींना अभ्यासिकेत बोलावले. मुलीने काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप केल्या आणि प्रत्येकीचा अर्थ आईला सांगितला. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे समदं तू लिवलंस?” आणि जरा थांबून, “बरं, पण आठवड्यात दोनदाच. अर्धा तास. आन् गणित आधी.”

आम्ही तोच नियम फळ्यावर लिहिला. तो आजही पाळला जातो. दुसरा नियम मुलांनी जोडला. ज्याला नवे काही जमले त्याने ते दोघांना शिकवायचे. अभ्यासिकेच्या दाराला काच नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात, पण त्या तथागतांच्या मूर्तीसाठी, यंत्रासाठी नव्हे.

आपल्या घरी बंद पडून असलेला लॅपटॉप जवळच्या विहाराला द्यावा, आणि आठवड्यातला एक तासही द्यावा, ही विनंती.

जयभीम!