दुखण्यातून उपजलेले दुखणे

सैनिक सेवेत जखमी होऊन अपंग झाला की सरकार त्याला निवृत्तिवेतन देते, एवढे आपणा सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या जखमेमुळे पुढे दुसरेच दुखणे जडले तर? हा प्रश्न मला येथे पनवेलात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका माजी सैनिक काकांमुळे पडला. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. त्याचे निवृत्तिवेतन मिळाले. मात्र सारा भार उजव्या पायावर पडून निवृत्तीनंतर सहा वर्षांनी तो गुडघाही निकामी झाला. आमच्या आळीत कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे त्यांचे इंग्रजी कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले.

दुखणे सेवेमुळे उद्भवले की सेवेमुळे बळावले, हे लष्करी नियमांत प्रथम पाहतात. २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी ज्या रोगाची नोंद नव्हती, तो सेवेत जडला तर सेवेमुळेच जडला असे धरावे. तसे नसल्यास ते सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही.

निवृत्तीनंतर दिसलेल्या दुखण्याची गोष्ट वेगळी. १९८२ च्या व पुढे २००८ च्या नियमावलीत त्यालाही वाट ठेवली होती. पण ते ठरावीक मुदतीत उद्भवलेले असावे आणि त्याचे मूळ सेवाकाळातच होते, हे वैद्यकीय मताने दिसावे, अशी अट होती. (२१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेबाहेर पडणाऱ्यांना नवी नियमावली लागू आहे.)

येथेच अनेकांचे अर्ज अडतात. काकांच्या पहिल्या अर्जात केवळ ‘गुडघा दुखतो’ एवढेच होते; तो एका ओळीच्या उत्तराने परत आला. पाय गेला, म्हणून चाल बदलली. चाल बदलली, म्हणून भार एकीकडे पडला. त्यातून सांधा झिजला, ही साखळी डॉक्टरांच्या लेखी मतात यावयास हवी होती. आता तसे मत जोडून अपील केले आहे. निर्णय यायचा आहे. तेथेही नकार आला, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे व त्याचे एक खंडपीठ मुंबईतच आहे.

कोकणातल्या व घाटावरच्या कितीतरी गावांत माजी सैनिक आहेत. सुटीत गावी जाल तेव्हा त्यांचे डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाचे कागद वाचून द्या. त्यांनी देशासाठी पाय दिला. आपण निदान एक अर्ज नीट लिहून देऊ शकतो.