काळ्या पडद्याची भीती

डोंबिवली स्थानकात ठाण्याचे तिकीट दोन प्रकारे काढता येते. स्वयंचलित यंत्राच्या पडद्यावर स्थानकांची नावे दिसतात. ठाणे शोधून बोट टेकवले की झाले. खिडकीवर नाव आपणच सांगायचे, पण ते नीट ऐकू गेले नाही तर आतला माणूस पुन्हा विचारतो. संगणकाच्या कमांड लाइनवर यांपैकी एकही सोय नाही. तिथे असते फक्त एक लुकलुकणारी खूण.

भीतीचे पहिले कारण हेच. पाहून ओळखणे सोपे, आठवून लिहिणे कठीण. 'योग्य पर्याय निवडा' आणि 'रिकाम्या जागा भरा' यांतला फरक शिक्षकांना ठाऊकच आहे.

दुसरे कारण तुटक शब्दांचे. युनिक्स प्रणालीची सुरुवात १९६९ साली बेल प्रयोगशाळेत झाली. तेव्हाची टंकयंत्रे संथ होती. त्यामुळे 'लिस्ट'चे 'एलएस' आणि 'कॉपी'चे 'सीपी' झाले. मराठी माध्यमातील मुलाला तर मूळ शब्दही परकाच!

तिसरे कारण मौनाचे. काम झाले तरी यंत्र बोलत नाही. 'आरएम' लिहिले की फाइल बहुधा न विचारताच पुसली जाते. डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्येच युनिक्सच्या अशा दोषांवर टीका केली होती.

तेव्हा घाबरणारा विद्यार्थी 'ढ' नसतो. त्याला आधी केवळ पाहण्याच्या आज्ञा द्या: 'पीडब्ल्यूडी', म्हणजे मी कुठे आहे? 'एलएस', म्हणजे इथे काय आहे? मग एका रिकाम्या फोल्डरमध्ये त्याला मनसोक्त चुका करू द्या.