बिलातले दोन रुपये आणि माहितीपुस्तिकेचे पान

निरगुडसरच्या आमच्या भाच्याने संगणकाची पायथन भाषा शिकायला घेतली आणि पहिलेच काम म्हणून आमच्या कापड दुकानाच्या बिलाचा प्रोग्राम लिहिला. कापडावर जीएसटी पाच टक्के. अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. १५०० रुपयांच्या मालावर प्रत्येकी ३७ रुपये ५० पैसे होतात. प्रोग्रामने ३८ धरले. बरोबर. पण २५०० च्या मालावर ६२ रुपये ५० पैसे होतात, तेथे ६३ ऐवजी ६२ धरले. म्हणजे एका बिलात दोन रुपये कमी, आणि ते भरायचे आमच्या गल्ल्यातून!

"मामू, मशीनच चुकतंय," भाचा म्हणाला. दोन दिवस त्याने मित्रांना विचारले, मोबाईलवरच्या एआयलाही विचारले. तोडगे बरेच मिळाले, कारण काही कळले नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. कठीण शब्द अडला की आमचे उस्ताद अर्थ सांगत नसत, लुगत पुढे ठेवत. तेव्हा राग यायचा. पण उस्तादांशिवाय वाचता येऊ लागले ते त्यामुळेच. संगणकातले आम्हांला काही कळत नाही. तरी भाच्याला म्हटले, "ज्यांनी ही भाषा बनवली, त्यांनी काही लिहून ठेवले असेलच ना? ते काढ."

पायथन १९९१ साली गिडो व्हान रॉसम यांनी जगापुढे आणली. तिची माहितीपुस्तिका, म्हणजे डॉक्युमेंटेशन, फुकट मिळते आणि उतरवूनही ठेवता येते. त्यात 'राउंड' या शब्दाखाली स्पष्ट लिहिले आहे, की संख्या बरोबर मध्यावर असेल तर ती सम आकड्याकडे वळवली जाते. म्हणून ३७.५ चे ३८ आणि ६२.५ चे ६२. जीएसटी कायद्याचे कलम १७० मात्र सांगते, की पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर पूर्ण रुपया धरावा. मशीन चुकले नव्हते. दोन नियम वेगळे होते. त्याच पुस्तिकेत 'डेसिमल' नावाचे साधन सापडले. त्यात अर्धा वर ढकलण्याची सोय आहे. बिल बरोबर निघू लागले.

ज्यांची मुले हे हुन्नर शिकत आहेत, त्यांनी एवढे सांगावे. चूक दाखवणाऱ्या मजकुराची शेवटची ओळ आधी वाचावी. ज्या शब्दावर अडले, तोच शब्द पुस्तिकेच्या सूचीत शोधावा. आपल्या पायथनची आवृत्ती आणि पुस्तिकेची आवृत्ती एकच आहे ना, ते पाहावे. शिकण्यासाठी 'ट्युटोरियल' आणि शोधण्यासाठी 'लायब्ररी रेफरन्स' असे वेगळे भाग आहेत. नवशिका दुसराच आधी उघडतो आणि घाबरतो. वाचलेले दोन ओळींत लगेच करून पाहावे.

इंग्रजी अडेल. अडू द्यावे. मुलाने विचारले तर उत्तर देण्याआधी शेजारी बसून पान उघडायला लावावे. आमचा भाचा आता अडला की आधी पान काढतो, मग मामूला हाक मारतो.