परसदारातली प्रयोगशाळा

विज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि मोठ्या फीची शाळा उभी राहते. मग आई-बाप म्हणतात, "हे आपल्या ऐपतीतले नाही." मुलगा प्रयोगाची आकृती पाठ करतो, परीक्षेत काढतो आणि विसरतो. प्रयोग मात्र त्याने कधी केलेलाच नसतो.

माता-पित्यांनो, ही समजूत काढून टाका. घरामागची चार फूट जागा, मोरीजवळचे पाण्याचे पिंप, डब्यात लावलेला कढीपत्ता, एवढ्यावर मुलाचे विज्ञान सुरू होऊ शकते. लागते ती एक वही. आम्ही कारकून मंडळी रोज नोंदी करतो. नोंद नसेल तर हिशेब नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक असते. विज्ञानाचेही तसेच आहे. तारीख, वेळ, काय दिसले, किती मोजले, एवढे चार रकाने वहीत आखून द्या.

काठीची सावली

मोकळ्या जागेत एक सरळ काठी उभी रोवा. दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि लांबी मोजायची. सकाळी लांब असलेली सावली आखडत जाते आणि दुपारनंतर पुन्हा वाढते. सर्वांत आखूड सावली कधी पडते? घड्याळात बरोबर बारा वाजता नव्हे. मे महिन्यात नागपूरला ती बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास पडते, तर मुंबईत साडेबारा उलटून गेल्यावर. साऱ्या देशाचे घड्याळ एक, पण सूर्य पूर्वेकडच्या गावाच्या माथ्यावर आधी येतो.

आपले सारे राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात २६ मेच्या सुमारास हा दिवस येतो. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टात असतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मुलांना एकच ताकीद द्या: सूर्याकडे थेट पाहायचे नाही.

पिंपातले प्राणी

आपल्या वस्त्यांत पाणी साठवावे लागते, आणि ते भरण्याचे काम बहुधा मुलीकडे असते. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या तिलाच आधी दिसतात. म्हणजे घरातली पहिली निरीक्षक तीच. वहीचा मान तिला द्या.

त्या अळ्या एका काचेच्या बाटलीत घ्या आणि तोंडाला पातळ फडके घट्ट बांधा. अळी श्वास घ्यायला पुन्हा पुन्हा वर येते. पाण्याच्या पृष्ठभागाला आडवी, समांतर राहिली तर ती हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीस जातीची. डोके खाली करून तिरपी लोंबकळली तर एडिस किंवा क्युलेक्स. एडिस म्हणजे डेंग्यू पसरवणारा डास. अळीचा कोष होतो आणि कोषातून डास निघतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डासापर्यंत सारे साधारण आठ-दहा दिवसांत आटोपते.

आता मुलीलाच विचारा, "पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करा असे का सांगतात?" उत्तर तिच्या वहीतच असेल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एडिसची अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटून कोरडी असतानाही महिनोन् महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. पिंप आतून घासावे आणि झाकण घट्ट लावावे. पाहणे संपले की बाटलीतले पाणी गटारात न टाकता कोरड्या तापलेल्या जमिनीवर ओतावे.

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. त्या कामासाठी १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी दूषित हवेमुळे हिवताप होतो असेच लोक मानत. डास मात्र साऱ्यांच्याच घरात होते!

कढीपत्ता आणि पिंपळ

कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखे काही दिसले तर लगेच झटकू नका. ती फुलपाखराची लहान अळी असू शकते. शिटेसारखी दिसते म्हणून पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. काडीने हळूच डिवचले तर डोक्यामागून शिंगासारखा भाग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चार पाने तिला खाऊ द्या. महिनाभरात फुलपाखरू उडेल.

भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ कोणी लावला? पक्ष्याने फळ खाल्ले, विष्ठेतून बी पडले आणि ते रुजले. बोधिवृक्ष म्हणून पिंपळ आपल्याला प्रिय आहे. पण तो रात्रीही प्राणवायू सोडतो, असे कोणी सांगितले तर मुलांनी ते तपासावे. कोणतेही झाड प्राणवायू तयार करते ते प्रकाश असतानाच. रात्री पिंपळही आपल्यासारखा श्वासोच्छ्वास करतो. आदर वेगळा आणि तपासणी वेगळी.

"मला ठाऊक नाही, चल पाहू"

पुष्कळ आई-बाप म्हणतात, "आम्ही शिकलेलो नाही, मुलाला काय सांगणार?" अहो, सांगायचे नाहीच! मुलाने "का?" विचारले की "गप्प बस" म्हणू नका; "चल, पाहू" म्हणा. एवढ्याने अर्धे काम होते. उत्तर मिळाले नाही तर प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि शाळेत गुरुजींना किंवा बाईंना विचारायला सांगा. फक्त दगड-विटांखाली हात घालू देऊ नका. तिथे विंचू-साप असतात. काठीने दगड उलटावा आणि मोठे माणूस जवळ असावे.

वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानात नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून आले आहे. हे कर्तव्य पार पाडायला पदवी लागत नाही. ज्या मुलाने अळीचा डास होताना स्वतः पाहिला, त्याला उद्या घरात ताप आल्यावर कोणी गंडा-दोरा सुचवला तर तो आधी पिंपाकडे बघेल, आणि आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला लावील. येत्या रविवारी एक वही आणा, एक काठी रोवा आणि मुलांबरोबर तासभर परसदारी बसा.