सुया टोचून घेण्यापूर्वी

माझ्या सासूबाईंना आम्ही सारे अम्मी म्हणतो. वय ६८. मधुमेह १५ वर्षांचा आणि गुडघेदुखी त्याहून जुनी. नमाजही आता खुर्चीवर. दोन वर्षांपूर्वी आमच्या सुदुंबरे गावाजवळ सुयांनी उपचार करणाऱ्याचे एक शिबिर भरले. शेजारच्या खाला जाऊन आल्या, त्यांना बरे वाटले. मग अम्मीही गेल्या. चार बैठकांनंतर गुडघे थोडे हलके झाले, हे खरे. पण तिथल्या माणसाने त्यांना सांगितले, ‘‘शुगरच्या गोळ्या बंद करा, सुयांनी तीही जाईल.’’ अम्मींनी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी त्यांना सारखी तहान लागू लागली, चक्कर येऊ लागली. तपासली तेव्हा साखर ३८० निघाली आणि चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. अल्हम्दुलिल्लाह, त्यातून त्या सुखरूप बाहेर आल्या.

मी डॉक्टर नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण या प्रसंगानंतर मी या विषयावर वाचले, डॉक्टरांना विचारले. जे कळले ते भगिनींसमोर ठेवते आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या अम्मीवर ही वेळ येऊ नये.

सुया कुठून आल्या?

ॲक्युपंक्चर ही चीनची फार जुनी उपचारपद्धती. आपल्याकडे ती येण्याच्या गोष्टीला मराठी माणसाचा एक धागा आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी ते चीनमध्येच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी त्यावरून चित्रपट काढला. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली.

सुई नेमके काय करते?

ही सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते आणि तिच्यातून औषध जात नाही. ती केसापेक्षा थोडीच जाड असते. ठरावीक जागी टोचून साधारण २० ते ३० मिनिटे ठेवतात. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, मग तिथे जडपणा किंवा झिणझिण्या येतात. शरीरात ‘ची’ नावाची शक्ती वाहते असे चिनी परंपरा मानते. आजचे डॉक्टर म्हणतात, सुईमुळे नसा चेतवल्या जातात आणि शरीर स्वतःच वेदना कमी करणारी द्रव्ये सोडते.

जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीची औषधे आणि व्यायाम घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना आराम पडला. चिनी शास्त्राप्रमाणे सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना पडला. पण भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांपैकीही ४४ टक्क्यांना आराम पडला! म्हणजे आराम खोटा नव्हता, पण ‘अमुक बिंदू दाबला की अमुक रोग गेला’ असा दावा जपूनच ऐकावा.

कशासाठी जावे, कशासाठी नाही?

जुनी डोकेदुखी, अर्धशिशी, मानेचे, कमरेचे, गुडघ्याचे दुखणे यांत बऱ्याच जणांना उपयोग होतो. अर्धशिशीसाठी गोळ्यांचा गुण आला नाही, तर पाच ते आठ आठवड्यांत १० बैठकांपर्यंत उपचार घेऊन पाहावा, असा सल्ला इंग्लंडची सरकारी आरोग्य संस्था देते. पाच-सहा बैठकांत काहीच फरक नसेल, तर पुढचे पैसे भरण्यापूर्वी विचार करा.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग यांचे औषध सुया होऊ शकत नाहीत. गाठ, सततचा ताप, घटणारे वजन, पायातली शक्ती जाणे अशी लक्षणे असतील तर आधी निदान, मग बाकीचे. अर्धांगवायूच्या झटक्यात पहिले साडेचार तास मोलाचे असतात. तेव्हा थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

जाण्यापूर्वी हे विचारा

नोंदणी आहे का? आपल्या राज्यात ‘महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सापद्धती अधिनियम, २०१५’ हा कायदा आहे. त्याखालील महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे उपचारकाची नोंदणी असावी लागते. प्रमाणपत्र बघायला मागण्यात संकोच कसला? वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो तो नुकसानीला जबाबदार ठरतो, अशा आशयाची हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे.

सुया नव्या आहेत का? पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडले पाहिजे आणि वापरलेली सुई सुयांच्या वेगळ्या, न फुटणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. उकळून पुन्हा वापरलेल्या सुईतून कावीळ ‘बी’, ‘सी’ आणि एचआयव्हीही पसरू शकतो. हिजामालाही हेच लागू. तिथे तर कातडीला चिरा देऊन रक्त काढतात, म्हणून ब्लेड आणि कप दोन्हींबद्दल विचारा. हिजामा आणि ॲक्युपंक्चर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक येते म्हणजे दुसरे येतेच असे नाही.

आपणही काही लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, मिरगी, पेसमेकर, मधुमेह हे आधीच सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू देऊ नका. मधुमेहात पाय बधिर असतील तर चटका बसलेला कळत नाही, म्हणून शेक किंवा दिवा पायाजवळ नको.

छातीवर किंवा खांद्यामागे सुई जास्त खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. असे क्वचितच घडते. पण उपचारानंतर काही तासांत दम लागला, छातीत दुखले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

आपल्या घरच्या बाबी

स्त्री रुग्णाने स्त्री उपचारक मागणे, पडदा मागणे, सोबत घरचे माणूस बसवणे हा तिचा हक्क आहे. चांगला उपचारक याला कधी नाही म्हणत नाही. रिकाम्या पोटी सुया टोचल्या तर चक्कर येते. म्हणून रमजानमध्ये इफ्तारनंतरची वेळ घ्या. त्यामुळे रोजाबद्दलची शंकाही उरत नाही.

अम्मींचे पुढे काय झाले? साखर ताब्यात आल्यावर डॉक्टरांना विचारूनच आम्ही त्यांना नोंदणी असलेल्या एका बाईंकडे नेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, ‘‘गोळी एकही बंद करायची नाही. गुडघा नवा होणार नाही, दुखणे कमी होईल.’’ आठ बैठका झाल्या. अम्मी अजून नमाज खुर्चीवरच पढतात, पण रात्री कण्हत उठत नाहीत, जिना धरून का होईना चढतात. परवा शेजारच्या खालांना त्या म्हणाल्या, ‘‘सुई से डर नको, पन गोली छोडो बोलनेवाले से डर.’’

एवढी एक गोष्ट घरातल्या प्रत्येक बुजुर्गापर्यंत पोचवा.